कोणी राह्यलं का जी?

आत कोणी नाही, असं आतूनच कोणीतरी सांगितलं... आणि मी बाहेरून कुलूप लावलं! तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजायची. आज माझी नात एवढ्या वयाची आहे. ती असं वागली तर मी तिला घराबाहेर एकटी सोडणार नाही.

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. भूत-बीत असतं तर ते आमच्या थेटरात फुकट सिनेमे पाहायला आलं असतं, असं मी म्हणायची.

आर्वीत सासऱ्यांचं थेटर होतं. वर टिनाचं छत, मागे बायकांचे बाक आणि मध्ये कमरेएवढी भिंत. बायकांचं दार माझ्याकडे. खेळ सुटला की दारात उभं राहून तीनदा विचारायचं, "कोणी राह्यलं का जी?" - आणि मगच कुलूप. उन्हातून आलेल्या बाया अंधारात गाढ झोपायच्या, लेकरं बाकाखाली घुसायची, म्हणून सासूबाईंनी ही रीत घातली होती. उत्तर आलं तर कुलूप लावायचं नाही. साधी गोष्ट. पण मी रोज विचारून विचारून कंटाळलेली.

माझी जाऊ कमल माझी फार छान नक्कल करायची. माझा ठसका, माझं ते लांबवलेलं 'जी'... घरातले हसून लोळायचे आणि मी जळून खाक व्हायची.

मे महिना होता. बाराचा खेळ सुटला. तो शेवटचाच खेळ - सिनेमाची पेटी एसटीनं पुलगावला जायची होती आणि नवी पेटी परवा येणार, म्हणून थेटर दोन दिवस बंद. बाया गेल्या. दिवे बंद केले आणि पहिल्यांदा विचारलं. काही नाही. दुसऱ्यांदा विचारलं. काही नाही. तिसऱ्यांदा विचारलं, आणि मागच्या बाकांवरून, अगदी माझ्याच आवाजात, माझ्याच ठसक्यात उत्तर आलं -

"कोणी नाई जी, लावा कुलूप."

मी मनात म्हटलं, कमलबाई, सापडल्या! बसा आता तासभर या भट्टीत. कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि हसत हसत घरी आले.

गच्चीवर कमल कुरडया घालत होती. कोपरापर्यंत चीक लागलेला. मी तिच्याकडे पाहतच राहिले. सकाळपासून ती गच्चीवरून हललीच नव्हती, सासूबाई समोर बसून होत्या. मी विचारलं, बेबी कुठे आहे? बेबी म्हणजे माझी चार वर्षांची पोरगी.

कमल म्हणाली, "ते तर तुमच्या मांगं मांगं गेली बाई, थेटरात. तुमाले दिसली नाई?"

सासूबाईंनी विचारलं, तीनदा आवाज दिला होता ना? मी म्हटलं, दिला. उत्तर आलं होतं? मी जिन्याकडे धावले. त्यांनी चप्पलही घातली नाही. त्या भर उन्हात आम्ही दोघी रस्त्यानं पळालो... मला कुलपाला किल्ली लावता येईना. सासूबाईंनीच उघडलं.

आत श्वास घेववत नव्हता. बेबी शेवटच्या बाकावर सरळ बसलेली. रडत नव्हती, झोपलीही नव्हती. बाजूला एका माणसापुरती जागा सोडून, अंग चोरून भिंतीला टेकलेली. मी "बेबी" म्हणून हात पुढे केले तर ती आणखी आक्रसली. माझं लेकरू मला घाबरत होतं! शेवटी सासूबाईंनी तिला उचललं. पुढे कितीतरी दिवस माझ्याजवळ येण्याआधी ती दुरूनच एका बोटानं माझ्या हाताला शिवून पाहायची, मग कुशीत शिरायची.

आमचे हे म्हणाले, टिनाखाली आवाज घुमतो. अहो, घुमला तर माझाच प्रश्न परत येईल ना? त्याचं उत्तर कसं येईल? डॉक्टर म्हणाले, उन्हानं असे भास होतात. एकाच वेळी मायलेकी दोघींना?

आता तिथे मोबाईलचं दुकान आहे. बेबी पन्नाशीची झाली, तिला यातलं काहीच आठवत नाही. मी मात्र अजूनही कुठल्याही खोलीला कडी घालताना तीनदा विचारते. नातवंडं मुद्दाम आतून "कोणी नाई" म्हणतात आणि खिदळतात. मीही हसते, पण कडी घालत नाही. ते काय होतं, हे मला आजही सांगता येत नाही. कोणाला सुचलं तर जरूर लिहा.

त्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर बेबीला मांडीवर घेऊन सासूबाईंनी हळूच विचारलं, बाई, तू आवाज काऊन नाई दिला? बेबीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या पदरात तोंड लपवून म्हणाली -

"मी तं आवाज देऊन राह्यली होती. पण आई माह्यापाशीच बसली होती ना... तिनं माह्या तोंडावर हात ठेवला, आन मंग म्हटलं, कोणी नाई जी, लावा कुलूप."