गुळाचा खडा

नवरा खडीच्या क्रशरवरून घरी आला, तेव्हा तळहातावरचा गुळाचा खडाही धुळीने पांढरा झाला होता. सुटताना मुकादम रोज सगळ्यांना गूळ वाटतो. गुळाने छातीतली धूळ उतरते, असं तिथं सगळेच मानतात. मीही मानायचे. पण त्याचा खोकला हटेना, म्हणून मोबाइलवर डॉक्टरांचे लेख शोधून, इंग्रजीशी झटापट करत वाचतेय. गूळ जातो पोटात. धूळ फुफ्फुसात बसते, ती निघत नाही. दगडावर पाणी मारलं, तर उडते मात्र कमी. इतकं साधं! हातावर गोड पडलं की माणूस विचारायचं विसरतो.

"अगं, वाचून काय होणार?" तो खोकत म्हणाला.

"उद्या मी येतेय क्रशरवर. मुकादमाला सांगते, गूळ तुम्ही खा, दगडावर पाणी सोडा."