खजुरांची लग्नं जुळवणारे भाऊजी

जगात खजूर खाणारी माणसं पुष्कळ असतील, पण खजुराच्या झाडांची लग्नं जुळवणारा माणूस एकच, आणि तो माझ्या नशिबी दीर म्हणून आला. माझ्या नवऱ्याचे हे मावसभाऊ सांगलीहून ॲडलेडच्या युनिला शिकायला आले, फार्मसिस्ट झाले आणि नोकरीपायी आमच्यासारखेच ॲलिस स्प्रिंग्जच्या वाळवंटात येऊन पडले. गावाबाहेर खजुराची एक जुनी बाग आहे. शनिवारी लोक क्रिकेट बघतात, भाऊजी तिथे जाऊन खजूर बघायचे. आपल्या लेखी खजूर म्हणजे खजूर, फार तर बियांचा किंवा बिनबियांचा. त्यांच्यासमोर असं म्हणायची सोय नव्हती. बर्ही जात पिवळी असतानाच पेरूसारखी करकरीत खायची, खद्रावी बोटाला चिकटेल इतकी मऊ, झाहिदी कोरडी आणि "जरा कमी बोलणारी". एकदा माझ्या मुलीने मेडजूल खाऊन बी कुंडीत खोचली, तर त्यांनी तिला समोर बसवून समजावलं की बीतून काय उगवेल त्याचा नेम नाही. मेडजूलच हवी तर तिच्या बुंध्याचं पिल्लू लावावं लागतं, केळीसारखं. ती "नो वरीज, काका" म्हणून खेळायला पळाली. बी त्यांनी उकरून काढली.

खजुरात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. वाऱ्याच्या भरवशावर राहिलं तर पीक गेलंच, म्हणून माणसानेच शिडीवर चढून नराचा तुरा मादीच्या फुलोऱ्यात बांधायचा. कुठलाही नर चालतो म्हणे. भाऊजींना चालत नसे. नराप्रमाणे फळाचा आकार बदलतो, पिकायची वेळ बदलते, असं म्हणत ते एकेक स्थळ नाकारत जायचे. "उंची आहे वहिनी, पण वागणूक बरी नाही," एका झाडाकडे बघत ते मला शांतपणे म्हणाले होते.

या गडबडीत स्वतः चाळिशी ओलांडली. शेवटी कराडच्या एका शिक्षिकेशी जमलं, मे महिन्यातली तारीख ठरली, आणि मार्चमध्ये कोविडमुळे देशाच्या सीमा बंद. तिला इकडे येता येईना, यांना तिकडे जाता येईना. बागेची म्हातारी मालकीण ॲडलेडला लेकीकडे अडकली, हाताखाली राबणारे भटके परदेशी बॅकपॅकर आपापल्या देशी गेले, आणि सगळी झाडं भाऊजींच्या गळ्यात पडली. मी खाली शिडी धरायची, ते वरून कराडला व्हिडिओ कॉल लावायचे. ती बिचारी पेपर तपासता तपासता खद्रावीचे फुलोरे बघायची. एकदा तिने सहज विचारलं, तिथे आले की आधी कुठला खाऊ? झालं! आख्खा उन्हाळा तो क्रम ठरवण्यात गेला. फळ उतरल्यावर प्रत्येक जातीचा एक डबा त्यांनी फ्रीजरमध्ये ठेवला. त्यांचे मटार आमच्या फ्रीजरमध्ये आले.

वर्ष उलटून गेलं, डबे तसेच, सीमा तशाच. कराडला तिचे वडील कोविडमधून जेमतेम उठले होते, त्यांना लेकीचं लग्न डोळ्यांदेखत बघायचं होतं. तिने कोणाकरवी निरोप धाडला नाही, स्वतः फोन केला. माझ्याच्याने आता थांबवत नाही, म्हणाली. भाऊजींनी वडिलांच्या औषधांची चौकशी केली, एक गोळी जेवणानंतर घ्यायला सांगितली आणि फोन ठेवला. तिला तरी कुठल्या तोंडाने दोष द्यायचा?

रविवारी दुपारी ते सगळे डबे घेऊन आमच्याकडे आले. टेबलावर ओळीने मांडले आणि आम्हाला खायला बसवलं. प्रत्येक जातीबद्दल सांगत होते, घाई न करता, तिला सांगायचं ठरवलं असेल तसंच. माझी कार्टीसुद्धा खेळायला न पळता ऐकत होती. शेवटी हलावी आणि देगलेत नूर असे दोन डबे उरले, तेव्हा भाऊजी थांबले.

"यातला आधी कुठला द्यायचा," ते म्हणाले, "ते माझं अजून ठरत नव्हतं, वहिनी."

कुठलाही चालेल, असं मला काही म्हणवलं नाही.