रस्सा नसलेली कोंबडी

तुमच्या घरी रविवारी कोंबडी शिजते, तेव्हा तिचं काळीज कुणाच्या ताटात जातं? पाय कुणाला, आणि मान कुणाला? उत्तर देण्याआधी आत जाऊन विचारून या. मी थांबते.

माझी सुमनमावशी गेली, त्याला महिना उलटून गेला. जालन्याच्या दवाखान्यात मी तिच्या उशाशी होते. डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्याखालची कातडी ओढून पाहिली आणि विचारलं, "यांच्या अंगात रक्तच नाही. खायच्या काय?" काका, म्हणजे मावशीचे यजमान, दुखावल्यासारखे म्हणाले, "खायला काय कमी हाय मॅडम आमच्या घरी? दर रविवारी कोंबडी असती." ते खोटं बोलत नव्हते. दर रविवारी कोंबडी असायचीच... त्याच आठवड्यात मावशी गेली.

बदनापूरजवळच्या त्या घरात सासूबाई माळकरी, म्हणून कोंबडी घरात शिजत नसे. अंगणात लिंबाखाली तीन दगडांची चूल, वेगळं जर्मनचं पातेलं, वेगळी पळी. मावशी तिथे धुरात बसायची. पहिली पंगत काकांची आणि दोन्ही मुलांची. काळीज थोरल्याला, पाय काकांना आणि धाकट्याला. जावई आला तर काकांचा पाय जावयाला. सगळे हात धुऊन उठले की पातेल्यात रस्सा उरायचा आणि तळाशी मान. त्यात भाकरी कुस्करत मावशी मला सांगायची, "सगळी चव रश्श्यातच उतरती, बाई." माझे वडील एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये होते. मी अक्षरं शिकले ती त्यांनी आणलेल्या युनियनच्या पत्रकांवर. हक्क, वाटा, समान दाम, सगळे शब्द मला पाठ होते. त्यांतल्या एकाही पत्रकात पातेल्याच्या तळाशी उरलेली मान नव्हती.

एकदा ती आमच्याकडे जालन्याला राहायला आलेली असताना दुपारी टीव्हीवर कुणीतरी थायलंडचं चिकन साटे करत होतं. बिनहाडाच्या लांबट पट्ट्या, हळद-धन्याचं वाटण, गवती चहा, नारळाचं दूध. काडीला टोचून निखाऱ्यावर भाजायचं आणि शेंगदाण्याच्या दाट चटणीसोबत खायचं. मावशी हातातली सुपारी विसरून बघत राहिली. मग म्हणाली, "याच्यात पाय कोणता न् मान कोणती, काहीच कळत न्हाई गं. समदं एकसारखं. हुशार दिसत्यात तिथल्या बाया."

पुढच्याच रविवारी तिने मला बोलावून घेतलं. कोंबडीवाल्याला हाडं काढून द्यायला सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, मंग खाणार काय?" शेवटी घरी विळीवर तिनेच मांस सोडवलं. मारुतीला फोडलेला नारळ वाटून पिळला, परसातला गवती चहा चेचला. काड्या म्हणून आम्ही तुराट्या घेतल्या. जिच्यावर रोज चूल पेटते त्या तुराटीला कोंबडी टोचायची, आणि ती पेटेल हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. भराभर पेटल्या, तुकडे राखेत. मावशी इतकी हसली की पदर तोंडात धरावा लागला. मग धाकट्याच्या जुन्या सायकलचे आरे काढले, राखेने घासले, निखाऱ्यावर तापवून घेतले. त्यांवर मात्र झकास भाजलं.

पहिला आरा उतरला तो तिने माझ्या हातात दिला. दुसरा स्वतः घेतला आणि चुलीशीच उभ्याने खाल्ला. गरम. कुणाच्याही आधी. मग आणखी एक.

एवढ्यात काका आले. ओरडले नाहीत. "आमचं जेवण व्हायचंय अजून," एवढंच म्हणाले. मावशी म्हणाली, "मंग बसा की. कोणताबी घ्या, समदे सारखेच हायेत." त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "रस्सा कुठाय?" "याला रस्सा नसतो." काका खरोखर काळजीत पडले. "रस्सा न्हाई? मंग बायका काय खातील?"

हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. त्यात दुष्टपणा नव्हता, म्हणूनच माझा संताप अजून उतरत नाही. दुष्ट माणसाशी भांडता येतं. इथे एक भला माणूस बायकांच्या जेवणाची चौकशी करत होता...

मावशीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने शेंगदाण्याच्या चटणीत तांब्याभर पाणी ओतलं, काळा मसाला टाकला आणि उकळी आणली. झाला रस्सा. आरे पुरुषांच्या पंगतीत गेले. आम्ही भाकरी कुस्करली. "ते दोन तर पोटात गेलेच ना माझ्या," ती हळूच म्हणाली. पुन्हा तिने साटे केलं नाही.

तेराव्याला गेले होते. तिच्या फोटोपुढे पान वाढलं, भरलेलं, सगळ्यांच्या आधी. पंगत बसणार, तेवढ्यात तिची सूनबाई सगळ्यांना थांबवून डोळे पुसत म्हणाली, "आधी आईंना." त्या घरात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते ऐकायला मावशी नव्हती. मी उठून अंगणात गेले. चुलीचे तीन दगड थंड होते. वर लिंबाच्या खोडाच्या खाचेत ते आरे तसेच खोचलेले, टोकं काळी पडलेली. पुन्हा लागतील म्हणून तिने जपून ठेवले असणार.

हा लेख रविवारी वाचत असाल, तर आत पातेलं चुलीवर असेल. ते उतरलं की जिने रांधलं तिला आधी बसवा. कोणता तुकडा हवा, तिला विचारा. ती रस्साच पुरे म्हणेल. तिचं ऐकू नका. काळीज तिच्या ताटात वाढा आणि ती खाईपर्यंत तुमचं ताट रिकामं राहू द्या. तेराव्याची वाट पाहू नका.