प्रेमानंदच्या दोन डिस्क

आखाडा बाळापूरच्या आमच्या कॉलेजात प्रेमानंद सहा वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होता, तोही दर अकरा महिन्यांनी नव्या आदेशावर. मी तिथं कारकून, कायम. म्हणून हे लिहायची लाज वाटते, पण लिहितो.

सर्व्हरमध्ये माहितीच्या दोन डिस्क होत्या. एकीवर रोजचं काम, दुसरीवर महिन्याला आपोआप उतरणारी नक्कल. पण सर्व्हर त्यांना ओळखायचा जागेवरून: या खाचेतली कामाची, त्या खाचेतली नकलेची. प्रेमानंद प्राचार्यांच्या मागंच लागला होता, "सर, डिस्कवर छापलेल्या नंबरावरून कायमची नावं देतो. अर्धा दिवस सर्व्हर बंद ठेवू द्या."

"चालून राहिलंय न बराबर? मग काहून काड्या करतो?" हे प्राचार्यांचं ठरलेलं उत्तर.

२००६च्या दसऱ्याला तो आई जनकाबाईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेला. इकडे खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा मांडली. शिपायानं हौसेनं डिस्कही काढून पुसल्या. हळदीकुंकवाची बोटं मी लावली. दिसायला दोन्ही सारख्याच. परत बसवताना अदलाबदल झाली. दुसऱ्याच दिवशी नक्कल उतरायची होती. जुनी नक्कल ताज्या माहितीवर उतरली आणि चारशे पोरांचे महिनाभर भरलेले गुण गेले.

प्रेमानंदनं येऊन आठ दिवस कागदांवरून सगळं पुन्हा भरलं. मग कुणाला न विचारता डिस्कना नंबरावरून नावं दिली.

चौकशीत प्राचार्यांनी त्याला एकच विचारलं, "ऐन वेळी जागेवर नव्हता न तू?" त्याचा मंजूर झालेला रजेचा अर्ज माझ्याच फायलीत होता. मी मूग गिळून बसलो. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि चोरांत मीही होतो. त्याला पुढचा आदेश मिळालाच नाही.

पुढच्या खंडेनवमीला प्राचार्यांनी मलाच त्याला फोन करायला लावला. तो तेव्हा कळमनुरीत झेरॉक्सच्या दुकानात कामाला होता. "डिस्क पूजेला काढल्या तर चालतील का?" मी विचारलं.

"काढा न. कुठंबी बसवा, आता काई होत न्हाई." मग त्यानंच विचारलं, "संतरामभाऊ, माझा रजेचा अर्ज तुमच्याच फायलीत होता न?"

"व्हय," मी म्हणालो.

त्यानं फोन ठेवला. सर्व्हरपाशी शिपाई ताट घेऊन माझी वाट पाहत होता.