दर्भाचा कावळा

पुणतांब्याच्या घाटावर मी दहाव्याचे विधी करवतो. त्या सकाळी पिंडाला कावळा काही शिवेना. गेलेल्याचा मुलगा परदेशात अणूच्या पोटातले कण शोधणारा शास्त्रज्ञ. नुकत्याच भादरलेल्या डोक्यावरून सारखा हात फिरवत उभा.

चुलत्यांचा धीर सुटला. "बाप मरस्तोवर इचारत हुता, पोरानं काय शोधलं? सांग की आता!"

तो पिंडाकडे बघत बापालाच म्हणाला, "तात्या, आमच्या शोधनिबंधांचे दाखले जगभर देतात. पण एकेकावर हजारो नावं. त्यात माझं काय, ते मलाच सांगता येत नाही."

कावळे झाडावरून हलले नाहीत. शेवटी मी दर्भाचा कावळा वळून पिंडाला टेकवला.

"गुरुजी, हा शिवला तरी धरतात?"

"धरतात."

"माझं नावही असंच धरतात," म्हणत तो आंघोळीला उतरला.