बिस्किटाची चप्पल

ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षर तर कोंबडीने उकरल्यासारखं आहे. हे कुणी वाचणार नाही, तरी आधीच माफी मागते. चौथीनंतर मी लिहिलं ते फक्त दुधाचे खाडे.

भूकंपात गावाकडचं घर पडलं, तेव्हा आम्ही दोघी जावा नवऱ्यांसोबत लातूरला आलो. पुढे शहरात क्लास वाढले, बाहेरगावची पोरं आली आणि आम्ही शेजारीशेजारी दोन खानावळी घातल्या. थोरल्या जावेला मी अक्का म्हणते. तिच्या दारात पोरांच्या चपलांचा ढीग, माझ्या दारात चारसहा जोड. भाकरी थापताना माझं लक्ष तव्यावर कमी आणि त्या ढिगावर जास्त.

एका वर्षी एका बिस्किटाच्या कंपनीने आणि एका चपलेच्या कंपनीने मिळून लहान मुलांची चप्पल काढली. रंग बिस्किटाचा, कडेला तशीच नक्षी, वर बारीक भोकं, आणि वासही गोड. बिस्किटांचे रिकामे पुडे द्यायचे, वर थोडे पैसे भरायचे. आमच्या गल्लीत ती सगळ्यात आधी अक्काच्या मुलीच्या पायात आली.

जेवायला आलेली पोरं म्हणाली, "काकू, चहात बुडवून बघू का?"

अक्का पदर तोंडाला लावून हसली. माझी मुलगी तिच्या दारात बसून ती चप्पल हुंगत होती. मी तिला ओढतच घरी आणलं.

पुडे माझ्याकडे होते. पोरांच्या खोल्या झाडताना जमवले होते. पैसे नव्हते. मन मारून अक्काकडेच उसने मागायला गेले. चार बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोर पदराची गाठ सोडत ती म्हणाली, "घे की. लेकराची हौस हाय, न्हाई कसं म्हणू? पण आज शनिवार हाय बाई. पायताण आणू नको, साडेसाती घरात येती."

शनिवारी चप्पल घेत नाहीत हे मलाही ठाऊक होतं. थांबले. रविवारी दुकान बंद. सोमवारी गेले तर लहान मापं संपलेली. मोठा एक जोड उरला होता, तोच आणला. पुढे चिंध्या कोंबल्या, तरी मुलगी चालली की फटक फटक वाजायचं. अक्काची मुलगी खदखदा हसायची. एकदा हसता हसता तीच बोलून गेली, "आमची तर शनिवारीच आणली. आई म्हणली, संपायच्या आत घिऊ."

मला भांडता येत नाही. पण त्या दिवसापासून तिची भाकरीसुद्धा मला माझ्यापेक्षा गोल दिसायला लागली.

पोरांचे पैसे आले की थोडे थोडे नेऊन द्यायची. दर वेळी ती म्हणायची, "राहू दे गं, तू काय पळून चाललीस?" आणि हात पुढे करायची.

शेवटचे द्यायला मी मुद्दाम शनिवार धरला. मुलीला सोबत घेतलं. चपलेचा वास केव्हाच उडाला होता, पण आता चिंध्या लागत नव्हत्या. पाय बरोबर बसला होता. अक्काच्या मुलीची बोटं तिच्या चपलेच्या पुढे जमिनीला लागत होती.

अक्काने आधी माझ्या मुलीचे पाय पाहिले, मग पैसे.

"फिटले बघा अक्का, सगळे," मी म्हणाले.

तिने नोटा पदरात बांधल्या. "राहू दे" काही म्हणाली नाही.