बसमध्ये नाकारलेली नोकरी

२००९च्या एप्रिलमध्ये प्रागहून व्हिएन्नाला जाणाऱ्या बसमध्ये मिलिंदने फोनवर एक नोकरी नाकारली. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. दुबईतली त्याची नोकरी गेलेली आहे, हे मला माहीत होतं. त्याला नव्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

दुबईतल्या एका मासिकात मी पानांच्या मांडणीचं काम बघायचो. मिलिंद आणि आणखी एक जण पानं लावायचे. मंदी आली, जाहिराती आटल्या. सहलीला निघायच्या आधी मॅनेजरने मला आत बोलावून कामावरून काढायला दोघांतलं एक नाव मागितलं. मिलिंदचं काम उजवं होतं. दुसरा मॅनेजरच्या ओळखीतला होता. मी मिलिंदचं नाव दिलं. "परत येईपर्यंत बोलू नका. यल्ला, चला, मजा करून या," मॅनेजर म्हणाले.

आम्ही दोन जोडपी निघालो. विमानापेक्षा बस बरी, देश दिसतात, ही मिलिंदचीच कल्पना. सहलीच्या व्हिसासाठी लागणारी कंपनीची एनओसी — हा आमचा कायम कर्मचारी आहे, सुट्टी संपली की कामावर परत येईल — आम्हा दोघांनाही मिळाली होती. ती नाव मागण्याच्या आधीची होती.

बस मोहरीच्या पिवळ्या शेतांतून चालली होती. मिलिंदची बायको अश्विनी मागच्या सीटवरून चिवड्याचा डबा पुढे करत होती. फोन आला.

"हमरिया फ्री झोनमधून," मिलिंदने फोनवर हात ठेवून सांगितलं. "खोकी बनवणारी कंपनी, खोक्यांवरची छपाई मांडायची. आत्ताच हो-नाही सांगा म्हणतात. पगार कमी आहे."

"आपल्या अजमानच्या घरापासून जवळ आहे," अश्विनी म्हणाली. "जेवायला तरी घरी येशील."

"म्हणून तर नको म्हणतोय."

ती हसली. मीही हसलो.

मग तो माझ्याकडे वळला. "आपल्याकडे काही गडबड नाही ना? काढायचं असतं तर एनओसी दिली असती का?"

काय सांगायला हवं होतं? एवढंच — की हो म्हण. कारण सांगायचीही गरज नव्हती. पण त्याने कारण विचारलं असतं. मग नाव कुणी दिलं, हेही विचारलं असतं. आणि पुढे बुडापेस्टपर्यंत आम्हाला शेजारीशेजारी बसायचं होतं. तो दुखावेल म्हणून मी गप्प राहिलो का? नाही. मला माझी सीट सुखाची हवी होती.

"नाही दिली असती," मी म्हणालो.

त्याने नकार कळवला.

परतल्यावर पहिल्याच दिवशी त्याला काढलं. त्याने हमरियाला फोन केला. जागा भरली होती. दुबईचा व्हिसा रद्द झाला. विमानतळावर मीच सोडायला गेलो. "तुझी तरी वाचली, बरं झालं," तो म्हणाला.

पुण्यात त्याला पानं लावायचं काम मिळालं नाही. तो सासऱ्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो.